काळा, जाड पायांचा कोळी: ट्रॅपडोअर की सिडनी फनेल-वेब?

प्रश्न थोडक्यात असा: सिडनीच्या उत्तरेकडच्या उपनगरात घर, मागे सँडस्टोनच्या दगडांचा उतार. दोन दिवस पाऊस झाल्यावर रात्री गॅरेजमध्ये काळा, जाड पायांचा कोळी दिसला. ‘पाठ चकचकीत आणि मागे दोन छोट्या शेपट्या’ असं वर्णन. शेजारी म्हणतात ट्रॅपडोअर आहे, घाबरू नका. मोबाइलवरचं ॲप म्हणतं फनेल-वेब, म्हणजे जीवघेण्या विषाचा कोळी. हिरवळीत अंगठा जाईल एवढी तीन भोकंही आहेत. पुण्याहून आईवडील तीन महिन्यांसाठी येताहेत आणि दोघांनाही सकाळी गवतावर अनवाणी चालायची सवय. मग हे दोन कोळी वेगळे ओळखायचे कसे?

वर्णन बरोबर असेल, तर गॅरेजमधला कोळी फनेल-वेबच धरा. हिरवळीतली भोकं मात्र बहुधा ट्रॅपडोअरची आहेत. एकाच अंगणात दोन्ही राहतात, त्यामुळे भोक बघून गॅरेजमधल्या कोळ्याचं नाव ठरवू नका आणि गॅरेजमधला कोळी बघून भोकांना घाबरू नका. सगळ्यात जास्त घोळ नेमका इथेच होतो.

हे दोघे सारखे दिसतात ते उगाच नाही. दोन्ही मायगॅलोमॉर्फ या जुन्या गटातले आहेत. घरातल्या साध्या कोळ्याचे सुळे चिमट्यासारखे दोन बाजूंनी एकमेकांवर येतात. या गटातले सुळे समांतर असतात आणि टिकाव मारावा तसे वरून खाली येतात. जाड पाय, दणकट जबडा, जमिनीतलं रेशमी अस्तराचं बीळ, डिवचल्यावर पुढचे पाय उचलून उभं राहणं हे सगळं दोघांतही आहे. आकारही उपयोगाचा नाही: फनेल-वेबचं शरीर, पाय सोडून, एक ते पाच सेंटिमीटर भरतं आणि ट्रॅपडोअर त्याच पट्ट्यात बसतो. रंगही नाही. फनेल-वेब काळा असतो तसा गडद तपकिरीही असतो, आणि गडद ट्रॅपडोअर रात्रीच्या दिव्यात काळाच दिसतो.

तेव्हा बघायचं ते पाठीचं कवच. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात, पुढे डोकं आणि छाती मिळून झालेला शिरोवक्ष आणि मागे पोट. पाय पुढच्या भागाला जोडलेले असतात आणि त्या भागावर वरून एक टणक ढाल असते. फनेल-वेबची ही ढाल गुळगुळीत, जवळजवळ केसरहित, नुकतं पॉलिश केलेल्या बुटासारखी चमकते. पायही तसेच तुळतुळीत. पोटावर मात्र बारीक मखमली केस असतात आणि नक्षी अशी नसते. ट्रॅपडोअरच्या ढालीवर बारीक सोनेरी-करड्या केसांची लव असते. त्यामुळे तो मातकट, धूळ बसल्यासारखा दिसतो. सिडनीतला नेहमीचा तपकिरी ट्रॅपडोअर, अर्बानायटिस रॅपॅक्स, नीट पाहिला तर पोटावर पुसट आडवे पट्टेही दिसतात.

इथे दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे पाणी. स्विमिंग पुलातून काढलेल्या ट्रॅपडोअरची लव अंगाला चिकटते आणि तोही काळा, चकचकीत दिसतो. तो भांड्यातच पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या, मग बघा. दुसरी म्हणजे मोबाइलचा फ्लॅश. त्याने कुठलीही पाठ चमकते. फ्लॅश बंद करून बाजूने टॉर्च धरली तर लव असल्यास लगेच उठून दिसते.

दुसरी खूण म्हणजे तुम्ही म्हणता त्या ‘शेपट्या’. त्यांना स्पिनरेट म्हणतात. पोटाच्या अगदी टोकाला असलेली, रेशीम सोडणारी ही बोटांसारखी उपांगं. फनेल-वेबमध्ये मागची जोडी लांब असते आणि वरून पाहिलं तरी पोटाच्या मागे बाहेर आलेली दिसते. ट्रॅपडोअरमध्ये ती आखूड, बुंधट असते. वरून दोन बारीक गाठी दिसतात किंवा काहीच दिसत नाही. ‘लांब’ म्हणजे किती, हा वाद होतोच. म्हणून एकूण लांबी मोजण्यापेक्षा शेवटचं पेर बघा. फनेल-वेबमध्ये शेवटचं पेर रुंदीपेक्षा स्पष्ट लांब, करंगळीच्या टोकासारखं असतं. ट्रॅपडोअरमध्ये ते छोट्या घुमटासारखं गोल असतं. मेलेला, वाळलेला कोळी असेल तर पोट आक्रसतं आणि आखूड स्पिनरेटही मोठे वाटू लागतात. तिथे तर पेराचा आकारच बघायला हवा.

पाठ चकचकीत आणि स्पिनरेट लांब, हे दोन्ही एकत्र दिसलं तर फनेल-वेब. एकच दिसलं तर घाई करू नका. सिडनीच्या दमट झाडीत कर्टन-वेब नावाचे कोळी असतात. त्यांचे स्पिनरेट फनेल-वेबपेक्षाही लांब असतात, पण ते अंगाने लहान आणि हलके असतात.

तिसरी खूण फक्त नरात मिळते, पण भटकत घरात येतो तो बहुतेक वेळा नरच. मादी वर्षानुवर्षं बिळात राहते. नर वयात आला की बीळ सोडून मादीच्या शोधात रात्री फिरतो, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि पावसानंतरच्या दमट रात्री जास्त. ट्रॅपडोअरचा नरही दमट हवेतच बाहेर पडतो, म्हणून हंगाम पाहून निवाडा होत नाही. सिडनी फनेल-वेबच्या नराला दुसऱ्या पायाच्या मध्यावर, आतल्या बाजूला, एक टोकदार काटा असतो. मिलनाच्या वेळी मादीला धरून ठेवायला तो लागतो. तपकिरी ट्रॅपडोअरच्या नराला पहिल्या पायाच्या मध्यावर जोडकाटा असतो.

म्हणजे दुसरा पाय की पहिला, एवढाच प्रश्न. पण मोजणी हमखास चुकते, कारण या गटात तोंडाजवळचे पेडिपाल्प हे दोन अवयव पायांएवढेच दणकट असतात. घाईत पाहणाऱ्याला दहा पाय दिसतात. पेडिपाल्पला ‘पहिला पाय’ धरलं की ट्रॅपडोअरचा पहिला पाय ‘दुसरा’ होतो आणि निरुपद्रवी कोळी फनेल-वेब ठरतो. मोजणी मागून करा: सगळ्यात मागचा चौथा, मग तिसरा, दुसरा, पहिला, आणि त्याच्या पुढे उरतो तो पेडिपाल्प. तिथे आलाच आहात तर त्याचं टोकही बघून घ्या. ट्रॅपडोअरच्या नरात ते बॉक्सिंगचा ग्लव्ह घातल्यासारखं फुगीर असतं. फनेल-वेबच्या नरात टोकाखाली छोटा थेंबासारखा फुगा आणि त्यातून निघालेली बारीक सुई दिसते. काटा दिसला नाही म्हणून मात्र फनेल-वेब नाही असं म्हणू नका. मादीला काटा नसतोच, आणि फनेल-वेबच्याच कुळातल्या हॅड्रोनिकी या दुसऱ्या वंशात तो सगळ्या जातींत इतका टोकदार नसतो.

आता बिळाकडे. ‘झाकण असेल तर ट्रॅपडोअर, नसेल तर फनेल-वेब’ हा नियम सिडनीत उलटा पडतो. ट्रॅपडोअरच्या अनेक जाती बिळाला खरंच बिजागरीचं झाकण करतात, कुठे कागदासारखं पातळ, कुठे बाटलीच्या बुचासारखं जाड, आणि वरून माती-पाचोळा लावून ते इतकं बेमालूम लपवतात की हाताखाली असूनही कळत नाही. पण सिडनीचा तपकिरी ट्रॅपडोअर झाकण करतच नाही. मेलबर्नचा ट्रॅपडोअरही नाही. हिरवळीत किंवा मोकळ्या मातीत उघडं, गोल, नीटस भोक, काठाला रेशमाची आणि पाचोळ्याची बारीकशी कॉलर, आत सरळ खाली पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जाणारी नळी, असं त्याचं घर असतं. तुमच्या हिरवळीतली भोकं या वर्णनाशी जुळतात.

फनेल-वेबला असं उघडं ऊन सोसत नाही. त्याचं बीळ दगडाखाली, कुजक्या ओंडक्याखाली, रॉकरीच्या फटीत, दाट झुडपाच्या बुडाशी, म्हणजे जिथे ओल टिकते तिथे असतं. तोंडाशी पांढरट रेशमाचं अस्तर बाहेरपर्यंत आलेलं असतं आणि त्यातून चहूकडे वेडेवाकडे धागे जमिनीवर पसरलेले असतात. किडा धाग्याला अडखळला की आत बसलेल्या कोळ्याला कळतं. बिळाभोवती हे अडखळधागे दिसले तर बोट लावू नका. सकाळी दव असताना तिरप्या उजेडात ते बरे दिसतात. तुमच्या घरामागचा सँडस्टोनचा उतार ही फनेल-वेबची आवडती जागा आहे.

नावावरून आणखी एक गैरसमज होतो, तो आपल्याकडून येणाऱ्यांचा. महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतावर, मेंदीच्या कुंपणावर दवाने भरलेली चादरीसारखी जाळी दिसतात. मध्ये नरसाळं आणि नरसाळ्याच्या तोंडाशी बसलेला, हात नेला की सुळकन आत जाणारा तपकिरी कोळी. तो बहुधा हिपासा. इंग्रजीत त्यालाही फनेल-वेबच म्हणतात. पण तो लांडगा कोळ्यांच्या कुळातला आहे, त्याचे सुळे चिमट्यासारखे चालतात आणि त्याच्यापासून माणसाला धोका नाही. सिडनी फनेल-वेबचं कूळ, ॲट्रॅसिडी, भारतात नाहीच. ट्रॅपडोअर मात्र सह्याद्रीत आहेत. इडिओप्स वंशातले कोळी उताराच्या मातीत झाकणाची बिळं करतात. आईवडिलांना हे आधी सांगून ठेवा. ‘आपल्याकडे असली जाळी ढिगाने असतात, काही होत नाही’ हे वाक्य तिथे खरं आहे, सिडनीत नाही.

सिडनीतही खिडकीच्या कोपऱ्यातलं नरसाळ्याच्या तोंडाचं, मळकट, झालरीसारखं जाळं फनेल-वेबचं नसतं. ते काळ्या घरकोळ्याचं असतं. तो चावला तर दुखतं, पण तो मारत नाही.

खरी अडचण तिसऱ्याच कोळ्याची आहे: माउस स्पायडर, वंश मिस्युलेना. स्पिनरेट आखूड, म्हणून ‘ट्रॅपडोअर’ म्हणून सोडून दिला जातो. पण त्याचं विष फनेल-वेबसारखं काम करू शकतं आणि गंभीर दंशावर फनेल-वेबचंच प्रतिविष दिलं जातं. त्याची पाठही चकचकीत असते. ओळखायचा तो डोक्यावरून. डोकं उंच, फुगीर, जबडे अंगाच्या मानाने फार मोठे. डोळे कपाळभर पसरलेले असतात, फनेल-वेब आणि ट्रॅपडोअरमध्ये ते मधोमध एका पुंजक्यात असतात. पूर्वेकडच्या जातीच्या नराच्या पोटावर पुढे फिकट निळसर-पांढरा डाग असतो. दुसऱ्या एका जातीच्या नराचं डोकं आणि जबडे लालभडक. शिवाय नर दिवसाढवळ्याही फिरतात. म्हणून माझा नियम: आखूड स्पिनरेट अधिक मातकट, केसाळ पाठ म्हणजे ट्रॅपडोअर. आखूड स्पिनरेट अधिक चकचकीत पाठ म्हणजे माउस स्पायडर समजून फनेल-वेबइतकीच काळजी.

जागेचंही थोडं सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये सिडनी फनेल-वेब या एका जातीच्या तीन जाती झाल्या: सिडनी परिसरातली ॲट्रॅक्स रोबस्टस, दक्षिणेकडची आणि ब्लू माउंटन्सकडची ॲट्रॅक्स माँटॅनस, आणि न्यूकासल भागातली, सगळ्यात मोठी, ॲट्रॅक्स क्रिस्टेन्सेनी. घरच्या घरी या तिघांत फरक करायची गरज नाही, उपचार एकच आहे. हॅड्रोनिकीच्या जाती टास्मानियापासून क्वीन्सलंडपर्यंत आहेत आणि त्यांतल्या काही झाडाच्या ढोलीत राहतात. पर्थला या कुळातला एकही कोळी नाही, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांचा अनुभव सिडनीत लावू नका.

ओळख पटवायला फोटो काढायचा असेल तर आधी कोळी बंद करा. फनेल-वेबला गुळगुळीत काचेवर किंवा प्लास्टिकवर चढता येत नाही आणि तो उडीही मारत नाही. रुंद तोंडाची, उंच, झाकणाची बरणी आडवी ठेवा आणि लांब दांड्याच्या लाकडी डावाने त्याला आत ढकला. हात त्याच्यापासून निदान वीतभर लांब, पायात बंद बूट. बरणी उभी करा, झाकण लावा, आत ओला कापसाचा बोळा किंवा थोडी ओलसर माती टाका. कोरड्या बरणीत तो लवकर मरतो. स्विमिंग पुलाच्या तळाशी निपचित पडलेला कोळी मेलेला समजून हाताने उचलू नका. केसांत अडकलेल्या हवेवर तो पाण्याखाली २४ तासांपर्यंत जगू शकतो.

फोटो चार लागतात: सरळ वरून, मागून स्पिनरेटवर फोकस करून, समोरून डोळे आणि जबडे, आणि बाजूने पहिला-दुसरा पाय. बरणीला टेकवून पट्टी ठेवा. एकाच, वरून काढलेल्या फोटोवर ॲप जे नाव देतं ते अंदाजापलीकडे नाही, कारण त्यात स्पिनरेट आणि पायाचा काटा बहुतेक वेळा दिसतच नाहीत. फनेल-वेब निघाला तर मारू नका. गॉसफर्डजवळ सॉमर्सबीला ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क आहे. प्रतिविषासाठी लागणारं विष तिथे काढलं जातं आणि लोकांनी पकडलेले कोळी ते घेतात. कोळी कुठे द्यायचा ते त्यांच्याकडे विचारा.

चावलं तर हे सगळं बाजूला ठेवा. सिडनी आणि आसपास मोठ्या काळ्या कोळ्याने चावा घेतला तर तो फनेल-वेबच, असं धरूनच हालचाल करायची. ओळख पटवण्यात घालवलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत, आणि ट्रॅपडोअर निघाला तर थोडी दुखणारी, सुजलेली जागा एवढंच उरतं. नराच्या विषातला मुख्य घटक मज्जातंतूंचे सोडियमचे मार्ग बंद होऊ देत नाही, त्यामुळे शरीरभर संदेशांचा भडिमार सुरू होतो. ओठांभोवती मुंग्या, जीभ आणि स्नायू फडफडणं, तोंडाला लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, रक्तदाब वाढणं, मग फुप्फुसांत पाणी. बहुतेकदा हे अर्ध्या तासात सुरू होतं. माणूस आणि माकडं या विषाला फार संवेदनशील आहेत, कुत्री-मांजरं त्या मानाने तग धरतात. म्हणून ‘मांजर त्याच्याशी खेळलं, तिला काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे.

लगेच ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन. माणसाला बसवा किंवा झोपवा, चालू देऊ नका. दंशावर रुंद इलॅस्टिक पट्टी बांधा, मग दुसरी पट्टी हाता-पायाच्या बोटांपासून वर अंगाकडे, पूर्ण अवयवावर, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकी घट्ट. फळी किंवा गुंडाळलेलं वर्तमानपत्र लावून तो अवयव हलणार नाही असं करा. चावलं ती जागा पट्टीवर पेनाने खुणेने दाखवा, वेळ लिहा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पट्टी सोडू नका. गावाकडे साप-विंचवाला करतात तसं दोरीने आवळणं, चीर देणं, चोखणं अजिबात नाही. आणि हे रेडबॅक या दुसऱ्या विषारी कोळ्याच्या दंशाला लावू नका. तिथे पट्टी नाही, बर्फाचा शेक. १९२७ ते १९८१ या काळात सिडनी फनेल-वेबने १३ जणांचा बळी घेतल्याची नोंद आहे. १९८१ मध्ये संशोधक स्ट्रुअन सदरलँड यांनी तयार केलेलं प्रतिविष आलं आणि त्यानंतर या कोळ्याने मृत्यू झाल्याची खात्रीची नोंद नाही. सुरुवातीला साधारण दोन कुप्या देतात, लक्षणं गंभीर असली तर जास्त. विषाबद्दल नुसती शंका विचारायची असेल तर १३ ११ २६ वर पॉयझन्स इन्फर्मेशन सेंटर.

आईवडिलांसाठी एवढं करा. गॅरेज आणि लाँड्रीच्या दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लावा. चपला-बूट बाहेर ठेवायची आपली पद्धत इथे बदला, किंवा घालण्याआधी उलटे करून आपटा. जमिनीवर पडलेला टॉवेल, वाळत घालायचे कपडे झटकून घ्या. बागेत दगड उचलताना, माती उकरताना जाड हातमोजे. दिवसा कोरड्या, मोकळ्या हिरवळीवर चालायला हरकत नाही. पावसानंतर अंधारात, पहाटे उजाडायच्या आधी मात्र अनवाणी नको.

आणि ती तीन भोकं बुजवू नका, उकळतं पाणीही ओतू नका. ट्रॅपडोअरची मादी आयुष्यभर एकाच बिळात राहते. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी अभ्यासलेली ‘नंबर १६’ ही ट्रॅपडोअर मादी एकाच बिळात ४३ वर्षं जगली आणि २०१६ मध्ये परजीवी गांधीलमाशीमुळे मेली. प्रत्येक भोकाशेजारी बांबूची एक काडी रोवा, म्हणजे गवत कापताना ते दिसेल आणि आईवडिलांचा पायही त्यावर पडणार नाही.